पहिली खेप मुकी

कात्रीबाईचा एक नियम होता आणि सव्वीस वर्षांत तिनं तो कुणाला मोडू दिला नव्हता. गाण्याच्या व्हिडिओचं चित्रण तिच्या एडिटच्या खोलीत आलं की पहिली खेप मुकी. आवाज शून्यावर. गायक कितीही नावाजलेला असो, आधी नुसतं चित्र बघायचं. "आवाज खुशामतखोर असतो," ती म्हणायची. "त्याच्या जोडीला शेंबडं चित्रसुद्धा राजबिंडं दिसतं. मुक्यानं उभं राहील तेच ठेवायचं." आणि या पहिल्या खेपेला जे बाद झालं ते बाद. त्याकडे ती पुन्हा ढुंकून बघायची नाही.

नियम मूळचा तिचा नव्हता. तिला हे काम शिकवलेल्या म्हाताऱ्या एडिटर सरांचा तो. त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते कबूल करायची लाज वाटायची, म्हणून ते आधी मुकं बघायचे आणि वर त्याचं तत्त्वज्ञान सांगायचे. हे तिला पुष्कळ पुढं कळलं, तेव्हा ताईला सांगून दोघी पोट धरून हसल्या होत्या. पण नियम राहिला. शिकलेल्या माणसाची हीच गंमत असते. सवय लागली की तिला सिद्धान्त म्हणायचं.

खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली किल्ल्या घासून देणाऱ्याचं दुकान. दिवसभर त्याचं यंत्र किरकिरायचं, म्हणून खिडकी बंद. कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक बसकी उशी, आणि चहाच्या ग्लासांची टेबलावर उठलेली वर्तुळं. तिच्या कामाबद्दल लोकांना वाटतं, तुकडे जोडायचे, त्यात काय एवढं? गाण्यातली बाई कुणाची तरी वाट बघतेय हे सांगायला नवशिका बाईला रडवतो. कात्रीबाई आधी दार दाखवायची. मग बाई. मग तेच दार, पण आधीपेक्षा जरा जास्त वेळ. झालं काम. कॅमेरा बाईच्या मागून चालला तर वाटतं कुणीतरी तिच्या मागावर आहे. तिच्या पुढं उलटा चालला तर वाटतं ती आपल्याकडेच येतेय. बाई तीच, बोळ तोच.

आणि बाकीचे कापतात ठोक्यावर. ढुम् झालं की नवं चित्र, भिंतीत खिळे मारल्यासारखं. कात्रीबाई श्वासावर कापायची. ओळ उचलण्याआधी गाणारा श्वास घेतो ना, नेमकी तिथं. ध्वनिमुद्रणवाले ते श्वास पुसून टाकायचे, ती भांडून परत घालून घ्यायची. "ठोका कानाला कळतो, श्वास छातीला," असं तिचं म्हणणं. सगळ्या धंद्यात असं कापणारी ती एकटी होती. बघणाऱ्याला कळत नसे, पण गाणं उगाच अंगावर यायचं.

तो श्वास बहुतेक वेळा ताईचा असायचा.

ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. तिसऱ्या गल्लीत राहायची, एकसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले. तिचा आवाज दुकानात, रिक्षात, लोकांच्या फोनमध्ये वाजायचा, आणि तिला भाजीवालासुद्धा ओळखत नव्हता. व्हिडिओत ओठ हलवायला कुणीतरी पंचविशीची मॉडेल असायची. ओठ चुकले की कात्रीबाई खिडकी दाखवायची, हात दाखवायची, उडते केस दाखवायची, आणि ओठ जुळले की परत चेहऱ्यावर यायची. "तुझा आवाज तिच्या तोंडात मी बसवते," ती ताईला म्हणायची. "दातांच्या डॉक्टरसारखी."

"कवळी माझी, हसू तिचं," ताई म्हणायची.

हे हसण्यावारी नेणं ताईनं तीस वर्षं निभावलं. मग या वर्षी वरचा सूर कुरकुरायला लागला. "लागतो अजून," ती म्हणाली, "पण आधी विचारावं लागतं त्याला." हे शेवटचं गाणं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, बहिणीला सांगावं लागलं नाही.

गाणं एका बाईचं होतं. ती रिकाम्या घरात खोली खोली फिरते. चित्रीकरणाला ताई नुसती बघायला म्हणून गेली. कॅमेरावाला जुना माणूस. त्यानं मॉडेलचं काम उरकल्यावर हिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं आणि म्हणाला, "बाई, आता तुम्ही म्हणा. ओठ हलवायचे नाहीत, खरोखर म्हणा." अख्खं गाणं एका दमात घेतलं. दिग्दर्शक पोरगेलासा होता, उन्हात काय आणि सावलीत काय, डोक्यावर टोपी. म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणायचे. त्यालाही ते आवडलं. "मावशी, शेवटच्या कडव्याला तुम्हीच," तो म्हणाला. "सगळं घर फिरून कॅमेरा तुमच्यापाशी येऊन थांबेल. एडिटला बसलो की बघू."

ताई तिथून तडक बहिणीच्या खोलीत आली. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसली.

"चिंगे," ती म्हणाली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चिंगी म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. "मी तुझ्याकडं कधी काही मागितलंय?"

"माझी निळी छत्री. अजून परत नाही आली."

"गप. एकच शॉट. मागून नको, बाजूनं नको, सावलीतनं तर नकोच. समोरून. आवाज कुठल्या तोंडातून येतो ते एकदा दिसू दे लोकांना."

"दिसेल गं. माझ्या हातात आहे ते."

ताईनं सगळ्या इमारतीला सांगितलं. भावोजींनी नवीन स्पीकर आणला.

चित्रण आलं. कात्रीबाईनं आवाज शून्यावर नेला आणि बघायला बसली.

मॉडेल मुक्यानं फार सुंदर गात होती. ओठ उमलत होते, पापण्या जिथं मिटाव्यात तिथं मिटत होत्या. मग ताई आली. खिडकीचा उजेड थेट तोंडावर. जबडा एका बाजूला ओढला गेलेला. मानेची शीर दोरीसारखी तटतटलेली. डोळे गच्च मिटलेले, कपाळाला आठ्या, हनुवटीखालची कातडी थरथरतेय, उजवा हात मांडीवर थापट्या मारतोय. आवाज काढून घेतला तर हे गाणं नव्हतं. कुणीतरी जड कपाट ढकलत होतं.

लोक हसतील, असं तिला वाटलं. ताईचं हसं होईल. तिला लहानपणीची बैठकीची खोली आठवली. पाहुणे आले की ताई गायची आणि चिंगीला स्वयंपाकघरात पिटाळायचे, कारण ताईचं ते तोंड बघून तिला हसू फुटायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि ही आत भिंतीकडे तोंड करून उभी. आता त्या खोलीचं दार कुणाच्या हातात होतं ते सांगायला नको. हेव्याला दयेचा मुलामा दिला की तो फार सभ्य दिसतो. ज्याचा त्यालासुद्धा ओळखू येत नाही.

तिनं टोपीला फोन केला. "शेवटच्या कडव्याचं काय करू?"

"तुमच्या ताई आहेत, तुम्ही ठरवा. मला तर आवडलाय तो शॉट. तुम्हाला नको वाटला तर नको."

तिला नको वाटला. शेवटच्या कडव्याला सगळं घर फिरून कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात येतो, ताईचा श्वास ऐकू येतो, आणि समोर दिसतो वाऱ्यानं हलणारा पडदा. पडदा अप्रतिम होता. त्यावर तिनं दोन दिवस घालवले.

गाणं बाहेर पडलं त्या रविवारी चार वाजता ताईकडं खुर्च्या मांडलेल्या. शेजारची शिंपीणबाई सासूला घेऊन आलेली. भावोजी बसच्या आगारात टाइमकीपर होते. निवृत्त झाले तरी घड्याळ सुटलं नव्हतं. "तीन मिनिटं बावन्न सेकंद," त्यांनी जाहीर केलं. "कुणी मध्ये उठायचं नाही."

ताईनं केस नीट बांधले होते. गळ्यात मोत्यांची माळ. घरात बसून स्वतःला बघायला माळ घातली होती तिनं.

मॉडेल खोल्या फिरली. शेवटचं कडवं आलं. भावोजींनी बोट वर केलं, "आता!"

पडदा हलला.

गाणं संपलं. शिंपीणबाईची सासू म्हणाली, "छान झालं. पण तुम्ही कुठं होतात हो?"

"डोळा लवला असेल तुमचा," भावोजी म्हणाले. "थांबा, परत लावतो." आणि त्यांनी खरंच परत लावलं. परत तीन मिनिटं बावन्न सेकंद सगळे डोळे ताणून बसले, डोळा लवू नये म्हणून. पडदा परत हलला.

"वरून काढायला लावला," कात्रीबाई म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "प्रोड्युसर ऐकेना. मी पुष्कळ भांडले."

"मेल्यांना काय कळतंय!" शिंपीणबाई म्हणाली.

ताईनं माळ काढून टेबलावर ठेवली. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

तीन दिवसांनी ती एडिटच्या खोलीत आली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत आली. बहिणीला पावलं ऐकू येत होती. आत येऊन बसली नाही.

"पडदा कुणी लावला?"

"सांगितलं ना, प्रोड्युसरनं..."

"त्यानं काढ म्हणून सांगितलं असेल. लावला कुणी?"

"मीच लावणार ना. माझं कामच ते."

"मन मारून केलेलं काम मला ओळखू येतं गं. मी पण केलंय ते आयुष्यभर. कुणी तुला काढायला लावला असता, तर तू रागानं काहीतरी ठोक्यावर चिकटवून मोकळी झाली असतीस. हा पडदा माझ्या श्वासावर आलाय. बरोबर श्वासावर. जीव ओतून कापलायस तू मला."

खाली किल्लीवाल्याचं यंत्र सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं.

"कुणी काढला, चिंगे?"

"मी."

"का?"

"तुझं... तू चांगली दिसत नव्हतीस ताई. लोक हसले असते. मला तुझं हसं व्हायला नको होतं."

"लाव."

"कशाला आता?"

"लाव म्हणते ना."

तिनं तो तुकडा शोधून लावला. खिडकीचा उजेड, वाकडा जबडा, तटतटलेली शीर. ताई टेबलाला टेकून उभी राहून बघत होती. अर्धं मिनिट गेलं.

"आवाज गेलाय का तुझ्या मशीनचा?"

कात्रीबाईचा हात सवयीनं शून्यावर होता. हा तुकडा तिनं आवाजासकट एकदाही बघितलेला नव्हता. तेव्हा कुठं ते तिच्या लक्षात आलं, आणि तिनं आवाज वर केला.

काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. शीर तटतटली ती नेमकी त्या सुरावर, ज्याला ताईला आधी विचारावं लागायचं. सूर आला. जबडा वाकडा झाला तो त्याला तिथं धरून ठेवायला. मांडीवरची थाप, कपाळाची आठी, सगळं गाणंच होतं. त्या तुकड्यानंतर मॉडेलचं उमलणं म्हणजे दुकानातल्या काचेमागची बाहुली. अख्ख्या व्हिडिओत खरं असं एवढंच घडलं होतं आणि ते बाद खणात पडलं होतं.

कडवं संपलं. पडद्यावरच्या ताईनं डोळे उघडले आणि कॅमेऱ्याकडं बघून जरा ओशाळं हसली, बरं झालं का विचारल्यासारखी.

"बरी दिसतेय की मी," ताई म्हणाली.

"ताई, मी आवाज लावून बघितलंच नव्हतं. पहिल्या खेपेला मी मुकंच..."

"माहितीये मला तुझा नियम." ताईनं पिशवी उचलली. "तुझे सर बहिरे होते गं. तुला काय झालं होतं?"

"मी बदलते. आत्ता टोपीला फोन करते. परत चढवायला लावते."

"आणि लोकांना काय सांगणार? प्रोड्युसर ऐकला म्हणून?" ताई दारापर्यंत गेली. "राहू दे. शिंपीणबाईच्या सासूनं दोनदा बघितलंय. ती काय तिसऱ्यांदा बसतेय?"

कात्रीबाईनं तरी फोन केला. ताई अजून जिन्यातच असेल. टोपी दुसऱ्या चित्रीकरणावर होता, मागं कुणीतरी ओरडत होतं. "आता कशाला मावशी?" तो म्हणाला. "लोकांना पडदा जाम आवडलाय. सगळे पडद्याबद्दलच लिहितायत."

तिनं फोन ठेवला. ताई पहिल्या वळणावर थांबलेली होती. किल्लीवाल्याचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ताईनं श्वास घेतला, खोल, पोटातून, ओळ उचलायच्या आधी घ्यायची तसा. त्या श्वासापुढं काय येतं ते कात्रीबाईला सव्वीस वर्षं पाठ होतं. ती खुर्चीच्या कडेला येऊन थांबली. "चिंगे, छत्री घेऊन जा तुझी," एवढं आलं असतं तरी चाललं असतं.

काही आलं नाही. पावलं परत उतरायला लागली.