एकशे सतरा नंबरचा सांधा

लेकीच्या पदवीदानाला वेल्सला गेलो, तर तिनं किल्ले-बागा सोडून आम्हाला नेलं कुठे? एका जुन्या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावी. "बाबांना आवडेल," म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं! नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस, बाई.

कारण आमचे हे वेल्डर. दुबईत अल कुसैसच्या लोखंडकामाच्या यार्डात बारा वर्षं काढली, शेवटी फोरमन झाले. दोन हजार आठची मंदी आली, बांधकामं जागच्या जागी थांबली आणि एका सकाळी मालकानं ह्यांना गेटवरच सांगितलं, "खलास." आतसुद्धा घेतलं नाही. पुढे शारजात एका गोदामात माल तपासायची नोकरी लागली, संसार चालला. पण वेल्डिंगचा 'व' म्हणून काही घरात निघाला नाही. मी विषय काढला की, "तुला काय करायचंय?"

तर त्या गावात डोंगराला टेकून उंच दगडी भट्ट्या उभ्या, गार पडलेल्या, फटींतून गवत उगवलेलं. शेजारी कामगारांची बुटकी घरं. आत त्यांची चहाची किटलीसुद्धा जपून ठेवलेली. किटली! मला तर रागच आला. आमच्या माणसांचं कुणी काय जपलं हो?

सगळं दाखवणारे आजोबा त्याच गावचे. त्यांनी ह्यांना सहज विचारलं, तुम्ही काय करता? मी श्वास रोखून उभी.

"आय ॲम वेल्डर," हे म्हणाले. 'वॉज' नाही, 'ॲम'.

आणि मग जे सुटले! जोड मारला की शेजारी आपला नंबर लोखंडात ठोकायचा, सांधा सुटला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. ह्यांचा नंबर एकशे सतरा. अल बर्शातल्या कितीतरी इमारतींच्या पोटात तो आहे, पण वरून काचा चढवल्यात, दिसत नाही. उघडा आहे तो फक्त यार्डाच्या गेटवर, ते गेट ह्यांनीच केलेलं.

"मग मुलीला दाखवा की," आजोबा म्हणाले. परतीच्या बसमध्येही हे बोलतच होते. इतक्या वर्षांनी. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

दुबईला आल्यावर पहिल्याच सुट्टीला तिघं अल कुसैसला गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. यार्डाच्या जागी आता टाइल्सचं गोदाम. गेट मात्र तेच, वर हिरव्या रंगाचे थरावर थर. हे वाकले, बिजागरीजवळ बोटांनी चाचपत राहिले.

"बाबा, इज इट देअर?"

ह्यांनी तिचा हात धरून तिथं ठेवला. एक, एक, सात. लेक हसली, तिचे डोळे भरले.

तेवढ्यात आतून वॉचमन आला. "क्या हुआ, अंकल? पहले यहाँ काम करते थे क्या?"

बिचारा चिडून नव्हता विचारत. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर खुर्ची दिली असती त्यानं. बोला हो, बोला ना, मी मनात विनवत होते. ह्यांनी गेटकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढून सावकाश हात पुसले.

"नहीं भाई," हे म्हणाले. "रास्ता भूल गए थे."

लेकीचा हात अजून नंबरावरच होता.