तात्यांचा राखलेला गलांडा

पिंपळवंडीत आमच्या शेजारी सावळेराम तात्या राहतात. नोकरी संपली तशी त्यांनी अंगणात बाग केली. गलांडा, जरबेरा, पांढरी डेझी. एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी आणि महिनोन् महिने फुलणारी. रोपवाटिकेवाल्यानं बजावलं होतं, फुलं कापत राहा, जेवढी कापाल तेवढी येतील. तात्यांनी हे गावभर ऐकवलं आणि कात्री कपाटात कुलूप लावून ठेवली.

पहाटे देवासाठी शेजारच्या कुंपणातली चार फुलं घेतली, तर आमच्याकडे त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मीही घेते. तात्यांनी मात्र हिरवी जाळी बांधली आणि काठी घेऊन दारात खुर्ची टाकली. बायकोनं, धोंडाबाईंनी, देव्हाऱ्यापुरती दोन मागितली तर म्हणाले, "देवाला प्लास्टिकचा हार हाय की!" लाज कशाशी खातात ते यांना ठाऊकच नाही. फुलं झाडावरच वाळली, त्यात बी धरलं आणि नव्या कळ्या यायच्या थांबल्या.

पंचाईत अशी, की नात हर्षालीचा साखरपुडा दोन महिन्यांवर आला होता आणि महाळुंगे पडवळच्या व्याह्यांना तात्या छातीठोकपणे सांगून बसले होते, "स्टेजला फूल लागंल ते आमच्या दारचं!" आता दारात नुसत्या काटक्या. पोरीचं सासरी हसं होणार, या काळजीनं धोंडाबाईंना घास गोड लागेना.

तेवढ्यात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर पुण्याला लेकीकडे मुक्काम. ते एसटीत बसले त्याच दुपारी धोंडाबाईंनी जाळी सोडली आणि आम्हा बायकांना हाक मारली.

"वाळल्यालं समदं खुडा गं. आन् उमललं की न्या, झाडावं काय ठिवू नगा!"

आम्ही रोज पहाटे राजरोस गेलो. महिन्याभरात झाडं कळ्यांनी लगडली. तात्या परतायच्या आदल्या दिवशी धोंडाबाईंनी जाळी पुन्हा होती तशी बांधली.

साखरपुड्याला स्टेज फुलांनी भरलं. हर्षालीचा चेहरा पाहून मला खरंच भरून आलं. तेवढ्यात काळा चष्मा लावलेल्या तात्यांनी माईक धरला. "वरीसभर कुणाला हात लावू दिला न्हाई, म्हणून ही बहार!" व्याही माना डोलवू लागले. आम्ही साऱ्याजणी पहिल्याच रांगेत, तोंडाला पदर लावून.

धोंडाबाई पुण्याच्या लेकीकडे वळल्या.

"दुसऱ्या डोळ्याचं बी उरकून टाक बाई. आन् ह्या टायमाला दोन म्हैनं ठिवून घे."