जावयाचे श्रोते

चूक माझी होती आणि ती मी मोठ्या हौसेनं केली. माझ्या सासूबाईंचे गुडघे आधीच कुरकुरत असताना मी त्यांना दौलताबादचा किल्ला चढायला लावला. कुणाचा नवस नव्हता, कुणी पाहुणे आले नव्हते. मला बोलायचा सराव हवा होता, एवढंच कारण.

वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर विभागात मी वीसेक वर्षं काढली. एकदा कंपनीत बाहेरगावचे पाहुणे आले. त्यांना वेरूळ दाखवायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. परत येताना गाडीत त्यांच्यातला एक जण म्हणाला, "तुम्ही स्टोअरमध्ये काय करताय?" तो सहजच म्हणाला असणार. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य भाडेकरूसारखं येऊन राहिलं, ते हलेचना. शेवटी मीच हललो. राजीनामा दिला आणि पर्यटकांचा गाईड व्हायचं ठरवलं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

बायको शाळेत शिकवते. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालू लागलं. ती एवढंच म्हणाली, "परीक्षा तेवढी पास व्हा."

परीक्षा म्हटली की सराव आला आणि सरावाला श्रोते हवेत. पुंडलिकनगरातले आमचे शेजारी एकदा माझ्याबरोबर आले आणि त्यानंतर मी दिसलो की घाईघाईनं स्कूटर सुरू करू लागले. मित्रांचे फोन व्यस्त लागू लागले. उरलं माझं सासर, सिल्लोड. अंतर बेताचं, माणसं भरपूर आणि मी तिथला एकुलता एक जावई. दवाखान्यासाठी असो की लग्नाचा बस्ता बांधायला, सासरचं कुणीही शहरात आलं की मी त्याला गाडीत घालून मकबऱ्याला नाहीतर वेरूळला नेत असे. एक मावससासरे दाढ काढायला आले होते. तोंडात कापसाचा बोळा धरून त्यांनी मकबऱ्याचा सगळा इतिहास ऐकला. दर दोन वाक्यांनी मान हलवत होते. मला वाटलं, काय रस आहे या माणसाला.

"दाजी, लई भारी सांगता," मेव्हणा म्हणायचा.

आणि सासूबाई तर काहीच न बोलता, डोक्यावरचा पदर सावरत, उभ्यानं सगळं ऐकायच्या. त्यांना मी माझ्या उत्तम श्रोत्यांत धरलं होतं.

लेखी परीक्षा मी पास झालो. तोंडीत नापास झालो, तेही दोनदा. दुसऱ्या खेपेला परीक्षक बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. म्हणाल्या, "माहिती पक्की आहे तुमची. पण तुम्ही बोलता कुणाशी?"

"आपल्याशी, मॅडम."

त्या हसल्या आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला. माझी जागा अजून भरली नव्हती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांग, म्हणाले. संध्याकाळी बायको मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर मी विषय काढला.

"तुझ्या माहेरी तर सगळेच म्हणतात, मी चांगलं सांगतो."

"अहो, तुम्ही जावई आहात. तुम्ही पाढे म्हणून दाखवले असते तरी ते वा म्हणाले असते."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "किल्ल्यावरून घरी गेल्यावर आई कितीतरी दिवस अंथरुणावर होती. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं तिनंच बजावलं होतं."

"मग वाटेत बसायचं ना. मी नको म्हणालो असतो का?"

"तुम्ही उभे होतात. जावई उभा असताना ती कधी बसलीय?"

मला किल्ल्यातल्या अंधारीच्या, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सासूबाई आठवल्या. त्यांचा एक हात भिंतीवर होता. त्या भिंतीच्या बांधणीबद्दलच मी बोलत होतो आणि त्या कुतूहलानं दगड चाचपून बघताहेत, असं मला वाटलं होतं.

रविवारी एसटीनं सिल्लोडला गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पण माझं किल्ल्यावरचं सगळं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं एकच माणूस होतं आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं. नेहमीप्रमाणे माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली गेली, पोहे आले, चहा आला. मेव्हणा दुकानात गेला होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या.

"आई, एक विचारायचंय. पण जावई म्हणून नाही."

"मंग काय म्हणून?"

"तुम्ही तिकीट काढून किल्ला बघायला आलात आणि मी तुमचा गाईड, असं समजा. कसं सांगितलं मी?"

त्या पदराआड हसल्या.

"सांगता चांगलं. पर लई सांगता."

"म्हणजे?"

"खंदक बघावं तर तुम्ही तोफंचं सांगू लागता, तोफंपाशी गेलं की राजाचं. त्या तोफंवर मेंढ्याचं तोंड हाय म्हणत्यात. ते बघायचं माझं राहूनच गेलं."

"आणखी?"

"अंधारीत तेवढं भारी वाटलं. तिथं तुम्ही जरा गप व्हता. मला भ्या वाटलं, पर चांगलं वाटलं."

अंधारीत माझी बॅटरी बंद पडली होती आणि ती हलवून बघण्यात मी गुंतलो होतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या मोठ्यानं हसल्या. त्यांना असं हसताना मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं.

"मग परत नोकरी धरू का?"

"माझ्या लेकीला इचारा. घर ती चालवती. मला इचाराल तर एक डाव आणखी द्या परीक्षा. मेंढा दाखवायचा राहिलाय तुमचा."

मी तिथूनच बायकोला फोन लावला. म्हटलं, आणखी एकदा देतो, नाही जमलं तर जी मिळेल ती नोकरी धरतो.

"आई बोलली वाटतं," ती म्हणाली. "द्या. पण या वेळी सराव माझ्यासमोर करायचा. मी जांभई दिली की थांबायचं."

मग साहेबांना फोन करून नाही म्हणालो. सोमवारची वाट बघितली नाही.

फोन खिशात ठेवला तेव्हा लक्षात आलं, सासूबाई अजून चौकट धरून उभ्याच आहेत. मी उठलो, खुर्ची उचलून त्यांच्यापाशी नेऊन ठेवली आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घालून बसलो.

"आवं, खाली काय बसता जावईबापू. लोक काय म्हणतील?"

"तुम्ही बसल्याशिवाय मी उठत नाही."

त्यांनी एकदा दाराबाहेर बघून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकत खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, तोंड जरा दुसरीकडे वळवून. पण बसल्या.

"आई, किल्ल्यावर तुम्ही सगळा वेळ उभ्या होतात आणि मी एकदाही तुमच्याकडे बघितलं नाही. बोलतच राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."