दाजींच्या गाडीचे आटे

मी नळ-पाइपलाइनचा माणूस. शेतातल्या ठिबकपासून घरातल्या मोरीपर्यंत, भोकरदनच्या आजूबाजूला गळणारं काहीबी मी बंद करतो. माझा एकच नेम: अंगातला जोर संपेस्तोवर आवळायचं. लोखंडी पाइपाला ते चालतं. मोटारसायकलच्या इंजिनाला चालत न्हाई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

शनिवारी हसनाबादला आक्काकडं गेल्तो. दुसऱ्या दिवशी भाचीची परीक्षा, जालन्यात, नऊला गेट बंद. दाजी तिला मोटारसायकलवर नेणार होते. त्याआधी ऑइल बदलून आणतो म्हणून ते गॅरेजला निघाले, तर मीच आडवा आलो. एवढ्यासाठी गॅरेज कशाला, मी काय मेलो का, असं म्हणून पाना घेऊन गाडीखाली बसलो. नसता शहाणपणा करायची मला खोडच आहे.

जुनं ऑइल काढलं, खालचा बोल्ट परत बसवला आणि नेमाप्रमाणं आवळला. घट्ट झाला. तरी एक शेवटचा हिसका दिला, आणि बोल्ट नुसताच गोल फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याला चंदेरी तारेचं वेटोळं अडकलेलं. इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची, मऊ. तिच्या आतले आटे मी पार सोलून काढले होते.

दाजी ओट्यावर बसून हॉलतिकीट वाचत होते. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण तेवढ्यात आक्का शेजारणीला सांगायला लागली की माझा भाऊ हात लावील ते दुरुस्त करतो. मंग मी माझ्या पिशवीतला सुताचा दोरा आणि गळती बुजवायचा सफेदा काढला, नळाच्या जोडाला गुंडाळतो तसा बोल्टला गुंडाळला आणि हलक्या हातानं दाबून बसवला. नवीन ऑइल ओतलं. खाली पुठ्ठा ठेवला. एक थेंब न्हाई. झालं काम, म्हणलं, आणि जेवायला बसलो.

सकाळी साडेसहाला दोघं निघाले. भाची पाया पडली, मागं बसली, हात हलवला. मी बी हलवला.

आक्कानं चहा दिला, तो तसाच गार झाला. बसलो, उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. गाडी उभी होती तिथली जमीन हात लावून बघितली. कोरडी. तरी जिवाला चैन पडेना. आणि मंग एकदम डोक्यात आलं: माझ्या पाइपातून गार पाणी वाहतं. इंजिनातलं ऑइल तापतं, तापलं की पातळ होतं, वरून रस्त्याची आदळआपट. बोल्ट निसटला तर सगळं ऑइल मागच्या चाकावर, आणि त्या चाकावर माझी भाची.

फोन लावला. दाजी गाडीवर फोन उचलत न्हाईत, शिस्तीचा माणूस. त्या शिस्तीचा मला असा राग आला की विचारू नका. चूक माझी अन् राग त्यांच्यावर! आक्काला काही न सांगता माझी गाडी काढली. पहिल्या गतिरोधकाजवळ रुपयाएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या कुणाचा असेल, अशी मनाची समजूत घातली. पुढच्या गतिरोधकाला तीन डाग. त्यापुढं सलग रेघच. इतक्या जोरात मी जन्मात गाडी चालवली न्हाई, आणि स्वतःला इतक्या शिव्याबी कधी दिल्या न्हाईत.

दाजी चाळिसाच्या वर जात न्हाईत, म्हणून सापडले. गाडी आडवी घातली. त्यांना वाटलं घरी कुणाचं काही झालं. मी वाकून बोट दाखवलं. बोल्टापाशी दोरा लोंबत होता, मागच्या टायरची एक कड काळी, ओली. दाजींनी दोरा बघितला, मंग माझ्याकडं बघितलं. माझ्या गाडीची किल्ली घेतली, भाचीला बसवलं आणि गेले.

त्यांची गाडी ढकलत पुढच्या फाट्यावरच्या गॅरेजात नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं भोक मोठं केलं. टॅपला, म्हणजे आटे कापायच्या हत्याराला, ग्रीस लावून, अर्धा फेरा पुढं, जरासा मागं, असं करत नवे आटे पाडले. त्यात आतून-बाहेरून आटे असलेला लोखंडी बुश बसवला. माणसाला घाई म्हणून न्हाई. मी दाराशी येरझाऱ्या घालून राह्यलो, दर मिनिटाला घड्याळ बघून राह्यलो. शेवटी त्यानं नवा बोल्ट आवळायला मलाच बसवलं, पण पाना टोकाला धरू दिला न्हाई, मधोमध धरायला लावला. तेवढाच जोर बस, म्हणाला. मी अजून थोडं आवळायला गेलो, तर त्यानं पाना काढूनच घेतला.

दुपारी परतीच्या वाटेवर दोघं तिथं आले. वेळेवर पोचलो, पेपर बरा गेला, असं भाचीनं सांगितलं. दाजी माझ्यासमोर बाकड्यावर बसले.

"काल ठाऊक होतं तुला?"

"व्हय."

"आन् तरी पोरीला मागं बसू दिलं."

लाजेनं मान वर होईना. दाजींनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या घरातलं फिटिंगबी तूच केलंय. तिथं काय झाकून ठेवलंय?"

काही न्हाई म्हणायला मी तोंड उघडलं. भाची माझ्याकडंच बघत होती.

"न्हाणीच्या भिंतीत एक जोड आहे, दाजी," मी म्हणालो. "चिरलेला. टाइल फोडावी लागंल."