वरच्या मजल्याचं रीडिंग

उन्हाळ्यात वीज कशी वाचवावी हे मला नॉर्वेहून आलेल्या माणसानं शिकवलं, आणि मी वीज कार्यालयात बिलिंगला आहे.

बावीस वर्षं झाली. रोज सकाळी बल्लारपूरहून चंद्रपूरला गाडीवर जातो, संध्याकाळी परत येतो. कॉलनीत कोणाचं बिल जास्त आलं की तो आधी माझ्याकडे येतो. मी चष्मा लावतो, बिल उलटसुलट पाहतो आणि विचारतो, "फ्रिजचा दरवाजा दिवसातून कितीकदा उघडता?" माणूस लगेच खजील होतो आणि बिलाची घडी करून गुपचूप घरी जातो. कॉलनीत माझी इज्जत आहे ती या एका प्रश्नावर.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वरच्या दोन खोल्यांत एरिक भाड्यानं आला. मोहाच्या झाडांवर त्याचा अभ्यास चाललेला. त्याआधी दीड वर्ष एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत राहिलेला, त्यामुळे मराठी तिकडची. सहा फूट उंच, उकडून सोललेल्या बटाट्यासारखा गोरापान माणूस फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, खोली पाहाले आलो. भाडं कितीक घेता?" माझी बायको सुनंदा हसता हसता खालीच बसली. भाडं मी पाचशे कमी सांगितलं ते त्या भरात.

मुख्य मीटर माझ्या नावानं, वर एक आणि खाली एक असं वेगवेगळं पोटमीटर, महिन्याच्या एक तारखेला रीडिंग मी स्वतः घेणार, असं ठरलं. मी सुनंदाला म्हटलं, "उन्हाळा लागू दे, मंग पाह्य. बर्फातला माणूस आहे. दोन एसी लावन. पोटमीटरचं चाक भिंगरीसारखं फिरन."

आमच्या वरच्या खोल्या म्हणजे थेट स्लॅबखाली. एप्रिलात त्या स्लॅबवर पापड टाकला तर तो वाळतो की भाजतो ते सांगता येत नाही. एरिक कधी बोंबलतो याची मी आतुरतेनं वाट पाहत होतो. तो काही बोंबलला नाही. उलट रोज सकाळी शीळ घालत जिना उतरायचा.

एक मेला स्टूलवर चढून रीडिंग घेतलं. महिन्याचे बासष्ट युनिट. चष्मा पुसला, परत पाहिलं. मीटरला टिचकी मारली. मग टेस्टर आणला, बल्ब लावून मीटर तपासलं. मीटर ठणठणीत होतं.

"किती आले?" सुनंदानं खालून स्टूल धरून विचारलं.

"बासष्ट."

"अन् आपले?"

"आपले थोडे जास्त आहेत."

"थोडे म्हंजे?"

"सहाशे पाच."

तिनं स्टूल सोडलं. मग आत जाताना म्हणाली, "अन् तुम्ही बिलिंगले आहा."

मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू. लोकांना शेजाऱ्याची गाडी खुपते, बंगला खुपतो. मला बासष्ट हा आकडा खुपत होता. जेवताना मी सुनंदाला म्हटलं, "तो महिन्यातून पंधरा दिवस जंगलात असते, म्हणून कमी आले." पल्लवी, म्हणजे आमची मुलगी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, दिवसभर घरीच असते. ती म्हणाली, "नाई बाबा, एप्रिलमध्ये ते कुठीच नाई गेले." घरात एवढं हुशार लेकरू असू नये.

शेवटी काहीतरी निमित्त काढून वर गेलो. पाहतो तर गच्चीवर मांडव! बांबूचे खांब, वर जांभळाच्या हिरव्या फांद्या, दोन्ही खोल्यांवर गर्द सावली. "काऊन, लग्न आहे का कोणाचं?" मी विचारलं. एरिक म्हणाला, "नाई भाऊ. गावात समदे असाच मांडव घालतेत ना उन्हाळ्यात." पहाटे तो फरशी पाण्यानं धुऊन घ्यायचा, आठ वाजता खिडक्या लावून घ्यायचा, दारात वाळ्याची ओली ताटी. एकच लहानसा कूलर, तोही दुपारी दोन तास. कोपऱ्यात माठ. आत पाऊल ठेवलं आणि माझे डोळे आपोआप मिटले, इतकं गार होतं. आमच्या गावी माझे वडील दर चैत्रात अंगणात असाच मांडव घालत. ते आठवल्यावर तर मला एरिकचा आणखीनच राग आला.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच आठवड्यात कॉलनीच्या महिला मंडळानं विहाराच्या सभागृहात माझं व्याख्यान ठेवलं. विषय, उन्हाळ्यात विजेची बचत. तारीख, जूनचा पहिला रविवार. मी छाती फुगवून हो म्हटलं. सुनंदा त्या मंडळाची सचिव.

रात्री ती शांतपणे म्हणाली, "व्याख्यान द्या. पण एक महिना हाये तुमच्याकडं. आपलं रीडिंग एरिकभाऊच्या खाली आणा. नाई तं मी सभेत उभी राहून इचारन, वर बासष्ट अन् खाली सहाशे पाच, हे कसं?"

ती विचारेल हे मला ठाऊक होतं. तिच्या सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यात तिनं नवऱ्या मुलाचा खरा पगार विचारला होता. म्हणजे आता बावीस वर्षांची इज्जत एका महिन्याच्या युनिटांवर येऊन टेकली.

दुसऱ्याच दिवशी मी घरात फर्मान काढलं. एसीचा रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या गाडीच्या किल्लीत. फ्रिज बंद, माठ चालू. टीव्ही बंद. वॉशिंग मशीन बंद, कपडे धोपटायचे. मिक्सर बंद, पाटा-वरवंटा आहे. इस्त्री नाही, शर्ट गादीखाली घालून झोपायचं. कूलर मी घरी आल्यावरच लागेल. एवढं सांगून मी ऑफिसला गेलो आणि संध्याकाळपर्यंत एसीत बसलो. (ऑफिसचा एसी हा कामाचा भाग असतो. त्याची घरच्या एसीशी तुलना करू नये.)

घरात बंड होईल असं मला वाटलं होतं. सुनंदाचे वडील, आमचे मामाजी, मूल गावाहून दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात ते केवळ एसीत बसून क्रिकेट पाहायला. ते तरी बोलतील. पण कोणी चकार शब्द काढला नाही. मी सुखावलो. माणसाला सवय लावली की लागते, असं मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलंही.

तीन-चार दिवसांनी सुनंदा म्हणाली, "पल्लवीले इंग्रजी शिकाचं हाये. एरिकभाऊ शिकवतो म्हणतेत. दुपारी वर जाईल."

"जाऊ दे ना. खालचा पंखा तरी बंद राहीन."

"पोट्टी एकटी कशी पाठवाची? मी बी जाईन सोबत."

"जा."

"अन् माहे बाबा एकटेच राह्यतीन खाली?"

"त्यायले बी घेऊन जा. तिन्ही पंखे बंद!"

मी खूश. रविवारीसुद्धा इंग्रजीचा वर्ग भरायचा आणि मी खाली एकटा, बनियनवर, हातपंखा घेऊन घामानं निथळत बसायचो. पण मनात समाधान होतं. वरून एरिकच्या खिडकीतून कूलरची घरघर ऐकू यायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. चालव बेट्या, चालव, म्हणायचो.

आता मागं वळून पाहिलं की वाटतं, खुणा कमी नव्हत्या. संध्याकाळी घरी आलो की सुनंदा थंडगार ताक द्यायची, गिलासाला बाहेरून दव सुटलेलं. "माठातलं हाये," ती म्हणायची. मी माठाचं कौतुक करायचो. चटणी इतकी बारीक की मी तिच्या मनगटांचं कौतुक केलं. शर्टाची घडी कडक, तर गादीचं कौतुक. मामाजींना टीव्हीशिवाय सामन्याचा शेवटचा चेंडूसुद्धा ठाऊक असायचा. विचारलं तर म्हणाले, "अंदाज, जावईबापू. उमर झाली ना." मागच्या अंगणातली वॉशिंग मशीन दिसेना, तेव्हा सुनंदा म्हणाली, "नजरेसमोर नको म्हणून उचलून ठेवली." केवढा हा त्याग, असं मला वाटलं. खरंच वाटलं, डोळे भरून आले.

एक जून. स्टूल, चष्मा, वही. खालचे युनिट एकशे अठरा. मग वरचं मीटर पाहिलं. तीनशे चाळीस!

इथं बिलिंगच्या माणसानं एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. एकाचं एकदम खाली, दुसऱ्याचं एकदम वर, करंट गेला कुठं? बावीस वर्षं हाच प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आलो. पण मला त्या क्षणी आकड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. मी मार्कर आणला, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन्ही आकडे लिहिले, माझा हिरव्या रंगात आणि एरिकचा लाल.

व्याख्यानाला त्याला मी स्वतः जाऊन बोलावलं. "यायचंच बरं का, समोरच्या रांगेत." भोळा माणूस, डोक्याला दुपट्टा बांधून वेळेआधी हजर. शेजारी मामाजी, त्यांच्या शेजारी पल्लवी. सुनंदा मंचावर माझ्या बाजूला. सभागृह खच्चून भरलेलं.

मी चाळीस मिनिटं बोललो. मनोनिग्रह, कुटुंबाची साथ, गृहिणीचा त्याग. मग पुठ्ठा वर केला. "हे माझं घर, माणसं चार, युनिट एकशे अठरा. हा वरचा मजला, माणूस एक, युनिट तीनशे चाळीस." सभागृहात हूं उमटलं. मी एरिककडे हात केला. "एरिकभाऊ, लाजू नका. उभे व्हा. सांगा लोकायले, एवढी वीज गेली कुठं?"

सुनंदानं माझा शर्ट मागून ओढला. मला वाटलं, आता पुरे म्हणते. मी पुन्हा म्हटलं, "सांगा, सांगा."

एरिक उभा राहिला. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. "भाऊ, तुमच्या घरचे समदे दिवसभर आमच्या घरीच राह्यतेत ना," तो म्हणाला.

सुनंदानं माझा शर्ट सोडून दिला.

"बाई मिक्सर चालवते, इस्त्री करते, माह्या लहान फ्रिजात ताक ठेवते. मशीन बी वर हाये. मामाजी माह्या लॅपटॉपवर म्याच पाह्यतेत. पोट्टी कूलरसमोर अभ्यास करते, मामाजीले वारा पुरत नाई, म्हणून म्या दुसरा कूलर आणला." मग त्यानं आवाज खाली आणला, पण सभागृहाला ऐकू गेलाच. "मले वाटलं, भाऊची लाईन कटली. बिल भराले पैसे नसन."

पहिल्या रांगेत कोणीतरी पदर तोंडात कोंबला. मी पुठ्ठ्यामागे तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण पुठ्ठा लहान पडला. "मंग... मंग इचारलं काऊन नाई?" मी कसंबसं म्हटलं.

"तिकडे गावात मी बिमार पडलो होतो, भाऊ. पंधरा दिवस लोकायनं जेवाले आणून देल्लं. तुह्याजवळ काऊन नाई, असं कोणीच इचारलं नाई. म्हणून म्या बी नाई इचारलं."

मी पुठ्ठा खाली ठेवला. सभागृह हसत होतं, आणि मग हसायचं थांबून त्याच्याकडे पाहू लागलं. माझ्या चाळीस मिनिटांना एकही टाळी पडली नव्हती, त्याच्या तीन वाक्यांना पडली. मला पुन्हा हेवा वाटला, तेही तिथंच, मंचावर उभ्या उभ्या.

आभाराचं भाषण सुनंदानं केलं. त्यात तिनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. सभा संपल्यावर सगळ्या बाया चहा सोडून आमच्या घराकडे निघाल्या, मांडव पाहायला. घरी येऊन मी वही काढली. दोन्ही मजले मिळून एप्रिलात सहाशे सदुसष्ट, मे महिन्यात चारशे अठ्ठावन्न. म्हणजे बचत खरोखरच झाली होती, दोनशेच्या वर. फक्त ती मी केलेली नव्हती. वरचं सगळं बिल या महिन्यात आपण भरायचं, असं सुनंदानं बजावलं, आणि मी भरलं.

आता कॉलनीत कोणाचं बिल जास्त आलं की तो थेट आमच्या जिन्यानं वर जातो. मी खाली पेपर वाचत बसलेलो असतो, तो मला नुसता नमस्कार घालतो. सहा गच्च्यांवर मांडव उभे झालेत. मीही दर रविवारी जेवण झालं की वर जातो, माठाशेजारी चटईवर आडवा होतो आणि मामाजींच्या बाजूला दोन तास घोरतो. मात्र गार हवेसाठी जातो असं कोणाला वाटू नये, म्हणून जाताना टेस्टर हातात घेतो.