सुनेचं ईमेल मी बंद पाडलं

२०२३ साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही गावाला. पण मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि कोणी मला अडाणी म्हटलेलं आजवर ऐकून घेतलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते वाचता येत नव्हतं म्हणून झालं नाही.

लालबागला चाळीत आमची एक खोली. मी, मुलगा आणि सून. सून रक्त तपासायचं शिकलेली. लग्नानंतर चार वर्षं घरी होती. परळच्या एका लॅबमध्ये तिने अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. पत्र ईमेलवर आलं. त्यातला फॉर्म गुरुवारी दुपारी बारापर्यंत भरून पाठवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मंगळवारी बसमध्ये तिच्या पर्समधून फोन गेला. तिने लॅबला शेजारच्या फोनवरून विचारलं, तर ते म्हणाले, मॅडम, जे काय असेल ते ईमेलवरच.

बुधवारी सकाळी ती नवा फोन घ्यायला दुकानात गेली. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. माझ्या फोनवर मोठी पाटी आली. फोन मी मराठीत लावून घेतलाय. लिहिलं होतं की कोणीतरी खात्यात शिरायला बघतंय, ते तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. होय आणि नाही. वर इंग्रजीत बारीक काहीतरी होतं, ते मी सोडून दिलं.

मी तर खुर्चीत बसलेलो. मी कुठे शिरतोय? नाही दाबलं.

आमच्या गिरणीत प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला असायचा. पाळीला आलं की तो फळीवर लावायचा, तीच हजेरी. कोणाला उशीर व्हायचा, तर तो सांगायचा, माझापण लाव रे. मी कधी लावला नाही. माझ्या साच्याशेजारी, म्हणजे मागाशेजारी, काम करणाऱ्या जिवलग माणसाचासुद्धा नाही. दुसऱ्याच्या जागी मी आहे म्हणायचं नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. त्यामुळे दुसऱ्यांदा पाटी आली तेव्हा परत नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा जरा जोरातच दाबलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला म्हटलंसुद्धा, "चोर आला होता, तीन वेळा हाकलला."

"तुम्ही काय हो, चाळीचे वॉचमन," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

तासाभराने सून आली ती रडवेली. म्हणाली, "बाबा, माझं ईमेल उघडत नाही. नुसता पासवर्ड पुरत नाही, मीच आहे अशी दुसरीकडून खात्री लागते. त्यात नोंदवलेला नंबर माझा जुना आहे, कधीच बंद झालेला. तुमच्या फोनवर काही आलं होतं का? तुम्हीच आहात का, असं विचारणारं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी माझा फोन चालू करताना तिने विचारलं होतं, तुमचं ईमेल काढू? मी म्हटलं होतं, मला कोण पत्र लिहिणार आहे, तुझंच टाक. तिने टाकलं होतं.

सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "नाही. काही नाही आलं."

"जरा बघू का फोन?"

"म्हणजे मी खोटं बोलतो? आलं असतं तर सांगितलं नसतं?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. "तसं नाही हो बाबा. मग गेल्या महिन्यात तुमचा फोन दुरुस्त केला त्या रिपेरवाल्याने माझं खातं उडवलं असेल तुमच्या फोनातून."

मी हूं केलं. बिचाऱ्या रिपेरवाल्याच्या नावावर टाकून मोकळा झालो.

ती परत दुकानात गेली. खातं परत मिळवायचा फॉर्म तिने दोनदा भरला. दोन्ही वेळा उत्तर आलं की खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. दुकानवाल्याने सांगितलं की ज्या फोनवर हे ईमेल आधी उघडलेलं असेल त्याच्यावरून, घरी बसून करा, मग होतं. ती म्हणाली, "तो तर चोरीला गेला." हे तिने घरी येऊन मला सांगितलं. माझा फोन शर्टाच्या खिशात होता. मी खिशावर हात ठेवून ऐकत बसलो.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. जेवताना तिच्यावर घसरला. "पंधरा दिवस नोकरी नोकरी चाललंय आणि एक पासवर्ड सांभाळता येत नाही तुला. काहीतरी भलतंच दाबलं असशील."

"मी काही नाही दाबलं."

"मग काय भुताने दाबलं?"

ती ताटातला भात चिवडत राहिली. एरवी तो तिला असं बोलला तर मी त्याला झापतो. त्या दिवशी मी आमटी मागितली. तिने उठून वाढली आणि विचारलं, "गरम करून देऊ का, बाबा?"

चूक झाली याचं मला एवढं काही नव्हतं. चूक कोणाचीही होते. पण माझ्या हातचं तिच्या माथी गेलं आणि मी पाटावर बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी नळ आला. सून मोरीत पाणी भरत होती. मुलगा अजून झोपलेला. मी त्याला हलवून उठवलं आणि तिला हाक मारली, "इकडे ये गो जरा." दोघं समोर आल्यावर म्हटलं, "तिने काही दाबलं नाही. पाटी माझ्या फोनवर आली होती. मी नाही म्हटलं, तीन वेळा. आणि वर खोटं बोललो."

सून पदराला हात पुसत म्हणाली, "बटण चुकलं म्हणाला असतात तर मी हसले असते, बाबा."

मी फोन उघडून तिच्या हातात दिला. तिचं ईमेल त्यात होतं, तिच्या पत्रासकट. ती तिथेच खाली बसली आणि फॉर्म भरायला लागली. चार्जिंग जेमतेम उरलेलं. मी चार्जर लावला. आमच्या बोर्डात प्लग ढिला बसतो, सोडला की बाहेर येतो. तिचा फॉर्म जाईपर्यंत मी प्लग दाबून धरून भिंतीपाशी उभा राहिलो.