रत्नम्माचं दुपारचं वाचन

मंगळवार पेठेत रत्नम्माला सगळे पुस्तकवाली अक्का म्हणत. नवऱ्यानं तिला दोनच गोष्टी दिल्या, वाचनाची गोडी आणि विसाव्या वर्षी वैधव्य. तेव्हापासून ती धाकट्या भावाच्या, भुसार दुकानदार शिवलिंगप्पाच्या घरी होती. भावजय बाळंतपणात गेली आणि पोर, नागम्मा, रत्नम्माच्याच हातावर वाढली. वाढवलं हिनं, पण लग्न ठरवायचा हक्क बापाचा. जगरहाटीच तशी.

दुपारी शेजारच्या बायका शेंगा फोडायला घेऊन ओसरीवर येत आणि रत्नम्मा कादंबरी वाचून दाखवी. बायकांचं बोलणं कानडी, रडणं मात्र मराठी कादंबरीवर. सगळीकडे भानगड एकच. पोरीचं मन गरिबावर, बापाचा डोळा श्रीमंतावर, आणि शेवटी जिंकायचा गरीब. जिंकणारच! लिहिणाऱ्याला भुसाराचं दुकान थोडंच चालवायचं असतं?

वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचा गुरुबसप्पा, गिरणीतला कारकून. जातीतला, सालस, पण भाड्याच्या खोलीत राहणारा. पुस्तक देताना त्याची नजर कुणाला शोधते, हे न कळायला रत्नम्मा आंधळी नव्हती. नागम्माही तेवढ्यापुरती दारातच असायची. भावाशी बोलू, योग्य वेळी बोलू, म्हणत रत्नम्मानं वर्ष घालवलं.

तेवढ्यात अक्कलकोटचं स्थळ आलं. बिजवर, चाळिशी उलटलेला, पण तेलाचे घाणे, माडी, दारात मोटार. शिवलिंगप्पा हरखून गेला.

"आत्ती, अप्पांना तू सांग की," नागम्मा रडत म्हणाली. "तुझं ऐकत्यात."

ऐकत होता खरा, आमटीत मीठ किती घालायचं एवढ्यापुरतं. भावाच्या ताटात जेवणाऱ्या बहिणीचा आवाज इतर बाबतीत घशातच राहतो.

पण सिद्धरामाच्या गड्ड्याच्या जत्रेत शिवलिंगप्पाचा पाय मुरगळला आणि तो घरी पडला. रत्नम्मानं त्याची बाज मुद्दाम ओसरीवर आणवली आणि पैशासाठी लेक म्हाताऱ्याला देणाऱ्या बापाची कादंबरी काढली. पहिले दोन दिवस तो घोरला. मग उठून बसला. पोरीला हळद लागते त्या प्रसंगाला तर त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"बाप हायस का कसाई, मुडद्या!" तो पुस्तकावर ओरडला. बायका दचकल्या. रत्नम्माच्या जिवात जीव आला.

बायका गेल्यावर ती हळूच म्हणाली, "शिवा, आपल्या नागम्माचंबी तसंच हाय रे. तिचं मन गुरुबसप्पावर हाय."

तो बघतच राहिला. "तसंच कसं? त्या कसायानं पैशे घेतले. मी दमडी घेत न्हाय, उलट पदरचं घालतोय. आईविना वाढलेली पोर हाय. कारकुनाच्या खोलीत हाल काढाय लागली तर तुलाच बघवंल व्हय, अक्का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, माया होती. कसायाशी भांडता येतं. लेकीच्या सुखासाठी जीव टाकणाऱ्या बापाशी काय बोलून भांडायचं? असला बाप तिला कुठल्याच कादंबरीत भेटला नव्हता.

पाय बरा होताच शिवलिंगप्पा अक्कलकोटला जाऊन सुपारी फोडून आला. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा ठेवून बाजेवर टेकला.

"अक्का, त्या पोरीचं पुढं काय झालं? शेवट ऱ्हायलाय की."

पुस्तक चुलीत घालावं, असं तिला वाटलं. पण ज्याचं खायचं, त्याला नाही कसं म्हणायचं? तिनं पान काढलं. पोरगी भर मांडवातून सुटली आणि गरीब मास्तराशी तिचं लग्न लागलं. आत नागम्मा भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. ती ऐकत होती. रत्नम्माला अक्षर दिसेना, तरी ती वाचत राहिली. थांबायचं तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात कधी काही नव्हतंच.

शिवलिंगप्पानं डोळे पुसले. "झ्याक झालं! पोरीचं मन मोडलं असतं तर लई पाप लागलं असतं."

मग त्यानं समाधानानं आत हाक मारली, "नागम्मा, वाढ गं. आन् आदी पेढा खा. तुझ्या लग्नाचा हाय."